तक्रार नसताना पालकांच्या दारात जा : वर्गशिक्षकासाठी वर्षभराचा क्रम

गावात बाई किंवा सर दारात दिसले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला : "काय केलं ओ त्यानं?" शाळेचा निरोप म्हणजे तक्रार, नाहीतर आधार कार्डाची झेरॉक्स, हे घराघरांत पक्कं झालंय. घरातच शाळेची धास्ती असेल तर मूल अडलेलं गणित विचारायलाही कचरतं. ही गाठ सोडवायची तर सुरुवात शिक्षकानेच करायला हवी. खालचा क्रम जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय. शहरातही थोड्याफार फरकाने चालेल.

१. जूनमध्ये नावं आणि घरची भाषा

कुठल्या नावाने हाक मारलेली आवडते, हे प्रत्येक मुलाला विचारा. पोरं एकमेकांना काहीही म्हणोत, चिडवायचं नाव शिक्षकाच्या तोंडी नको. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया, बंजारा तांड्यावर गोरमाटी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला परकीच असते. ते गप्प बसतं आणि आपण 'कच्चं' असा शेरा मारून मोकळे होतो. मुलांकडूनच कामापुरते शब्द शिका : पाणी, दुखतंय, भूक लागली, शू लागली, समजलं नाही. तुमचा उच्चार चुकला की वर्ग हसेल. हसू द्या.

२. पहिली गृहभेट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दिवाळीच्या आत प्रत्येक घरी एक चक्कर व्हावी. पट मोठा असेल तर वस्तीनुसार गट पाडा आणि आठवड्याची एक संध्याकाळ त्यासाठीच राखून ठेवा. शेतात-रोजंदारीवर गेलेली माणसं दिवेलागणीला परततात, म्हणून दुपारी जाण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी मुलाकडून निरोप पाठवा आणि त्यातच सांगून टाका, "तक्रार काही नाही, नुसतं भेटायला येतोय."

हातात हजेरीपट नको, फॉर्म नको. पुढे केलेला चहा नाकारू नका. काही घरांत पाणीसुद्धा न घेणाऱ्या शिक्षकाचा अर्थ लोक बरोबर लावतात. तीनच गोष्टी विचारा : घरी हा कशात रमतो, संध्याकाळी कुठे बसतो, त्याच्याबद्दल तुम्हाला कसली काळजी वाटते. मग ऐका. बोलताना नजर घरभर फिरते तेव्हा बरंच कळतं. एकच बल्ब असेल आणि त्याच्याखाली चूल, तर गृहपाठ का होत नाही हे वेगळं विचारावं लागत नाही. अशा मुलाला शाळा सुटण्याआधी पंधरा मिनिटं बसवून तो अभ्यास तिथेच उरकून घ्या.

निघताना मुलाची एक चांगली गोष्ट सांगा, पण नेमकी. "हुशार आहे" हे सगळ्यांनाच सांगतात. "काल शेजारच्या मुलीला हातच्याची वजाबाकी यानेच समजावली" हे ऐकलं की बाप मुलाकडे वळून बघतो. लिहायचं ते घरी पोचल्यावर लिहा, त्यांच्यासमोर नको.

३. फोन आणि ग्रुप

फोन कोणाकडे असतो आणि किती वाजता घरी येतो, हे आधी विचारून ठेवा. व्हॉट्सअॅप ग्रुप सुट्टी नि सूचनांपुरता. कोणाचे गुण, कोणाची गैरहजेरी तिथे टाकू नका. अख्खं गाव वाचतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप धाडा. एखादी अडचण सांगायचीच असेल तर त्याआधी त्या घरी निदान दोन चांगले निरोप गेलेले असावेत.

४. पालकसभा

सकाळी अकराची सभा म्हणजे पालकांची मजुरी बुडवणं, आणि मग "पालकांना आस्थाच नाही" म्हणणं. बाजाराचा दिवस किंवा संध्याकाळ धरा, तासाभरात संपवा. कोणाच्या मुलाची सगळ्यांदेखत चिरफाड नको. मुलाच्या हजेरीची नि प्रगतीची माहिती पालकांना नियमित भेटून देणं हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचं कर्तव्यच ठरवलंय. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला हव्यात. प्रत्यक्षात अनेकदा सह्यांचं रजिस्टर घरोघर फिरतं आणि बैठक 'झालेली' असते. समितीतल्या बायकांना एखादं खरं काम सोपवा, उदाहरणार्थ खिचडीची चव पाहणं किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाची पाहणी. बोलायला विषय मिळाला की त्या बोलतात.

५. वर्गात

मधल्या सुट्टीत ऑफिसात बसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा मुलांच्या पंगतीत बसा. कमी बोलणाऱ्या एखाद्या मुलाशी रोज दोन मिनिटं बोला, आणि तेही अभ्यासाचं सोडून. छडी नकोच, आणि टोमणाही नको. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही मना करतं.

विश्वास बसला की मुलं कधी फार जड गोष्ट सांगतात. तेव्हा "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोलिसांना कळवणं पॉक्सो म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी. "तू सांगितलंस ते बरं केलंस, मी मदत आणतो" एवढं म्हणा आणि लगेच हाला.

६. ऊसतोडणीला जाणाऱ्यांची मुलं

बीड, अहिल्यानगरकडच्या शाळांत दसरा-दिवाळीनंतर वर्ग ओस पडतात. बिऱ्हाड निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली की अख्खं घर जायला बांधील असतं. सप्टेंबरातच घरी जाऊन बोला : आजी सांभाळेल का, हंगामी वसतिगृहाची सोय होईल का. मूल जाणारच असेल तर त्याला शिक्षण हमी कार्ड द्या म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल, आणि मधूनमधून फोन करत राहा. वर्गातल्या मुलांनाही त्या फोनवर बोलू द्या. मूल मार्च-एप्रिलात परततं तेव्हा "इतके दिवस कुठे होतास?" हा प्रश्न टाळा. त्याला माहीत आहे, तुम्हालाही.

७. वर्ग पुढे देताना

निकालाआधी प्रत्येक मुलामागे चार ओळी लिहून पुढच्या वर्गशिक्षकाकडे द्या : हाक कशी मारायची, फोन कोणाचा आणि कधी लागतो, कशात रमतं, कुठे अडतं. पहिलीच्या शिक्षकाने हेच अंगणवाडी ताईंना विचारून घ्यावं. घरातली भांडणं, बापाचं व्यसन असलं काही त्या कागदावर नको. गरज असेल तेवढं तोंडी सांगा.