लिमिटर वापरताना या चुका टाळा

नवरात्र जवळ आले की मराठवाड्यातल्या घरगुती स्टुडिओंमध्ये आराधी गीतांचे काम रात्री उशिरापर्यंत चालते, आणि गाणे ऐकवल्यावर मंडळींची मागणी बहुधा एकच असते : “दादा, आवाज कमी वाटायलाय, जरा वाढवा की.” अशा वेळी हात आपोआप लिमिटरकडे, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊ न देता गाणे मोठे करणाऱ्या साधनाकडे जातो. परभणीतल्या माझ्या खोलीत केलेल्या सुरुवातीच्या गाण्यांत मी थ्रेशोल्ड (ज्या पातळीपासून लिमिटर दाबू लागतो ती) इतका खाली ओढला होता की संबळाच्या प्रत्येक ठोक्याला गेन रिडक्शन, म्हणजे आवाजाची दाबणी, ८ डेसिबलपर्यंत जात होते, आणि गाणे मोठे झाले यातच मला समाधान होते. ही पहिली चूक.

संबळाची काठी कातड्यावर पडते तो क्षण काही मिलिसेकंदांचाच असतो, पण ठोक्याची सगळी धार त्यातच असते. लिमिटर नेमका तोच क्षण दाबतो आणि संबळ पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा बोथट ऐकू येतो. शिवाय मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या शेवटच्या चॅनेलवर) सगळे आवाज एकत्र आलेले असल्यामुळे ठोक्याबरोबर गायिका, तुणतुणे आणि झांजाही खाली जातात व लगेच वर येतात. झांजेची लांबणारी गुंज लक्ष देऊन ऐकली तर हा हेलकावा सर्वांत आधी तिथेच सापडतो. याचा उपाय मास्टरवर नसून संबळाच्या ट्रॅकवर आहे. तिथेच कॉम्प्रेसरने (मोठा आवाज आवरणारे साधन) किंवा क्लिपरने (लाटेची टोके कापणारे साधन) ठोके थोडे आवरले, तर मास्टरवरच्या लिमिटरला दोन-तीन डेसिबलचेच काम उरते.

दुसरी चूक रिलीजची, म्हणजे दाबलेला आवाज पुन्हा सोडायला लिमिटर जो वेळ घेतो त्याची आहे. रिलीज जितका जलद, तितके गाणे मोठे वाटते, म्हणून तो अगदी किमान ठेवण्याचा मोह होतो. परंतु ५० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन पूर्ण व्हायला २० मिलिसेकंद लागतात. रिलीज ५ मिलिसेकंदांचा असेल, तर लिमिटर एकाच आवर्तनात दाबतो आणि सोडतो, त्यामुळे लाटेचा आकारच बदलतो आणि खर्जात घरघर येते. ही घरघर मोबाईलच्या स्पीकरवर सहज कळत नाही, मोठ्या बॉक्सवर मात्र लपत नाही. साधारण १०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून कानाने ठरवावे, अथवा ऑटो रिलीज वापरावा.

सीलिंग, म्हणजे लिमिटरची वरची मर्यादा, शून्यावर (डिजिटल मीटरच्या अगदी वरच्या टोकावर) ठेवणे ही तिसरी चूक. साधा मीटर फक्त सॅम्पल, म्हणजे लाटेच्या ठराविक अंतराने घेतलेल्या नोंदी, मोजतो, तर दोन सॅम्पलच्या मधली लाट त्याहून वर जाऊ शकते. तिला ट्रू पीक म्हणतात (आमच्याकडे पीक म्हटले की सोयाबीनच आठवते, तो भाग निराळा). फाइल एमपी३ किंवा एएसीमध्ये बदलताना ही उंची आणखी वाढू शकते. म्हणून ट्रू पीकचा पर्याय चालू करून सीलिंग उणे १ डेसिबलवर ठेवावे.

इतके करूनही “मोठे हवे” हा आग्रह राहतोच. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) पातळीला आणून वाजवते. म्हणजे आपण दाबून-दाबून उणे ८ वर नेलेले गाणे तिथे ६ डेसिबलने खाली येते, आणि शेजारच्या मोकळ्या गाण्यापुढे ते मोठे तर वाटत नाहीच, उलट चेपलेले वाटते. यूट्यूबही मोठी गाणी खाली आणते. याचा अर्थ प्रत्येक गाणे मोजून उणे १४ वरच ठेवावे असा नाही. गाण्याला सोसेल तितकेच दाबावे, एवढाच त्याचा अर्थ.

सोसते किती, हे तपासतानाही फसगत होते, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. लिमिटरने ४ डेसिबल वाढवले असतील, तर आउटपुट तितकेच कमी करून मग लिमिटर चालू-बंद करून ऐकावा. माझ्या त्या जुन्या गाण्यांवर हा प्रयोग केला तेव्हा प्रत्येक वेळी लिमिटर बंद असतानाचाच आवाज बरा निघाला.

लिमिटरनंतर इक्यू (सूर कमी-जास्त करणारे साधन) लावू नये; त्यापुढे फक्त डिदर (फाइल कमी बिटमध्ये उतरवताना घालायचा बारीक आवाज) चालतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मास्टर फेडर लिमिटरच्याही नंतर येतो, तेव्हा तो शून्याच्या वर गेलेला नाही हेही पाहावे. रेकॉर्डिंगच्या वेळीच इंटरफेसमध्ये (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) फाटलेला आवाज तर कोणताही लिमिटर जोडून देत नाही. ती ओळ पुन्हा गाऊन घ्यावी, आणि या वेळी गेन असा ठेवावा की सर्वांत चढ्या सुरालाही मीटर उणे १० च्या आसपासच राहील.