बडोद्यात बसून जमवता येईल असा सात पात्यांचा संच

कापण्याच्या हत्यारांच्या इतिहासावर बेतलेले तयार संच बाजारात मिळतात. त्यांत बहुतेक वेळा एकाच पोलादाची सात पाती असतात आणि फक्त मुठी बदललेल्या असतात. अशा संचातून इतिहासाचं काहीच हाती लागत नाही. दगडाला धार फोडून येते, तांब्याला ठोकून, पोलादाला तापवून आणि विझवून, हा फरक पेटी उघडताच दिसला पाहिजे. बडोद्याजवळ खंबातचा अकीक (अ‍ॅगेट हा कठीण दगड) आहे, शहरात तांब्याची भंगार पट्टी आहे आणि घराघरात विळी-अडकित्ता आहे, त्यामुळे असा संच इथे जमवणं सोपं आहे. क्रम असा ठेवावा: अकीक, तांबं, लोखंडी विळा, लहरदार पोलादाची सुरी, विळी, अडकित्ता, स्टेनलेस सुरी.

खरेदीआधी दोन कायदे लक्षात ठेवा. शस्त्र नियमांनुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती व उद्योगासाठी बनवलेल्या पात्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा कट्यार-खंजिरांच्या वाटेला न जाता सुऱ्यांची पाती 6 इंचांच्या आत ठेवा. शिवाय 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाही. जुन्या वसाहतींच्या टेकाडांवर पडलेली दगडी पाती तर उचलूच नयेत. जागेवरून हलवलेलं पातं अभ्यासकाला जवळजवळ मुकं होतं. दगड आणि तांबं यांच्या प्रतिकृती करा आणि प्रत्येकीवर ‘प्रतिकृती’ हा शब्द व साल कोरा, म्हणजे पुढे कुणी ती जुनी म्हणून विकणार नाही.

अकीकासाठी खंबातच्या कारागिरांकडून न घासलेल्या, नुसत्या फोडलेल्या छिलक्या मागा. तिथे जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवतात आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने वरून ठोका देतात, की खालून पापुद्रा सुटतो. दगड आधी मंद आचेवर भाजलेला असेल तर तो लाल होतो आणि छिलकाही सरळ निघतो. 30 ते 40 मिमी लांबीच्या चार छिलक्या पुरेत. 15 सेमीच्या लाकडी दांड्याला 5 मिमी खोल खाच पाडून त्या ओळीने बसवा. मध्याश्मयुगीन (दगडी युगाच्या मधल्या टप्प्यातला) माणूस, ज्याच्या वस्तीचे अवशेष मेहसाणा जिल्ह्यात लांघणजला सापडले, अशीच बारीक पाती दांड्यात बसवून वापरत असे. चिकटवण्यासाठी 4 भाग राळ, 1 भाग मेण आणि 1 भाग कोळशाची बारीक पूड मंद आचेवर एकजीव करा. राळ जास्त झाली तर पहिल्याच दाबाला तडकते. मेण जास्त झालं तर बडोद्याच्या मे महिन्यात छिलक्या घसरून बाहेर येतात. मिश्रण उकळू देऊ नका, उकळलेली राळ ठिसूळ होते. छिलक्या घरी कोरड्या घासू नका. अकीकाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसने खंबातच्या कितीतरी कारागिरांची फुफ्फुसं गेली आहेत. घासायचंच असेल तर पाण्याखाली, मास्क लावून.

तांब्याचं पातं हे या संचातलं सर्वांत शिकवणारं काम. मकरपुऱ्याच्या बाजूला ट्रान्सफॉर्मरचे कारखाने बरेच असल्याने भंगारवाल्यांकडे विजेची तांब्याची पट्टी मिळते. ती घ्या, पितळ नको. 120 मिमी लांब, 30 मिमी रुंद, 3 मिमी जाड असा तुकडा धरा आणि गुळगुळीत ऐरणीवर थंडच ठोकायला सुरुवात करा, एका कडेकडून. थोड्या वेळाने हातोडीचा आवाज बदलतो, पट्टी उसळायला लागते. इथे थांबायचं. तरीही ठोकत राहिलात तर कडेला केसासारख्या भेगा पडतात आणि त्या पुढे बुजत नाहीत. पट्टी मंद लाल होईपर्यंत तापवून सरळ पाण्यात टाका. पोलाद याने कडक होतं, तांबं मात्र मऊ होतं, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. असं चार-पाच वेळा करून कड 1 मिमीपर्यंत आणा. काळी खपली चिंचेच्या कोळाने काढा. शेवटची ठोकणी झाल्यावर पुन्हा तापवू नका, कारण धारेचा कडकपणा तिनेच दिलेला असतो. हातोडीचे ठसे राहू द्या, पॉलिशची गरज नाही.

विळा लोहाराकडून गाडीच्या कमानपाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) तुकड्यातून घडवून घ्या. चुंबक चिकटेनासा झाला की किंचित आणखी तापवून तेलात विझवायला सांगा. हे पोलाद पाण्यात विझवलं तर बऱ्याचदा तडा जातो. नंतर धारेवर फिकट पिवळा रंग येईपर्यंत पुन्हा हलकं तापवलं की ठिसूळपणा जातो. मुठीजवळची काळी खपली घासून काढू नका, भट्टीची खूण तीच.

लहरदार पोलादात फसवणूक फार. दक्षिणेतल्या मुशीतल्या उक्कू पोलादात साधारण दीड टक्का कार्बन असे आणि त्याच्या लहरी आतूनच उमटत. आज ‘दमास्कस’ म्हणून जे मिळतं ते दोन पोलादांचे थर जोडून केलेलं असतं. तेही चांगलं काम आहे, पण पात्याजवळ ठेवायच्या चिठ्ठीवर तसंच लिहा. नुसती वरवर छापलेली नक्षी ओळखायची तर मुठीजवळ नखाएवढी जागा बारीक पॉलिशपेपरने घासा आणि त्यावर फेरिक क्लोराइडचा (धातू खाणाऱ्या रसायनाचा) थेंब ठेवा. थर खरे असतील तर नक्षी परत येते.

विळी घडीची घ्या, म्हणजे पेटीत बसेल. पातं कार्बन पोलादाचं असावं आणि टोकाला खवणीचे दाते शाबूत असावेत. सायकलवरच्या धारवाल्याकडे ती देऊ नका. चाकावर पातं निळं पडलं की त्या जागेचा कडकपणा गेला, पुन्हा धार टिकत नाही.

अडकित्त्यावर मात्र वेळ घालवा. शेजारची गुजराती मंडळी त्याला सूडी म्हणतात आणि कच्छमधलं अंजार सूडी-चप्पूसाठी (चप्पू म्हणजे चाकू) प्रसिद्ध आहे. जुन्या नगाची पारख बिजागरीवर करा. दोन्ही मुठी मिटून उजेडाकडे धरा. पातं आणि खालचा जबडा यांच्यात सरळ, सारखी रेघ दिसली पाहिजे. एका बाजूला फट असेल तर खिळा झिजलेला आहे. चुंबक पात्याला चिकटावा, पितळी अंगाला चिकटू नये. बोटं टेकतात तिथेच झीज असावी. सगळीकडे सारखा हिरवा रंग असेल तर तो बहुधा औषध लावून आणलेला असतो. नमुने डोळ्याखालून घालायचे तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा.

सातवं पातं कुठलीही साधी स्टेनलेस सुरी चालेल. चिठ्ठीवर 1913, शेफिल्ड आणि हॅरी ब्रिअर्ली लिहा; त्या साली तिथे त्याने स्टेनलेस पोलाद बनवलं. त्याच्या पोलादात सुमारे 12.8 टक्के क्रोमियम होतं.

पेटी जुन्या, पुरत्या वाळलेल्या सागाची करा. कच्चं लाकूड आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला फळा) आंबट वाफ सोडतात, त्याने लोखंड गंजतं. लोकरीचं फेल्ट आणि रबर यांतल्या गंधकाने तांबं काळवंडतं. दोनदा धुतलेला मांजरपाट अंथरा. कातडी म्यानात पातं कायमचं ठेवू नका, पितळावर हिरवा थर चढतो. जुना गंज असेल तर चोवीस तास रॉकेलात बुडवून ठेवा आणि सर्वांत बारीक पोलादी लोकरीने पुसा. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवलं तर खड्डे पडतात. लोखंडी पात्यांना खोबरेल लावू नये, ते चिकट होऊन धूळ धरतं. मशीनचं पातळ तेल किंवा मेणाचा हात पुरे. आषाढ ते भाद्रपद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी वाळवा.

खंडेनवमीला पूजा करायची असेल तर हळदकुंकू मुठीला लावा, पात्याला नको. ओलं गंध आणि फुलं रात्रभर राहिली तर सकाळी बरोबर त्याच आकाराचे डाग उमटलेले दिसतात. त्याच रात्री पाती कोरडी पुसा, तेलाचा हात फिरवा आणि मगच पेटी मिटा.