ग्विनेदमध्ये नर्स म्हणून येताय? वेल्श पहिल्या आठवड्यापासून शिका

ब्रिटनमधल्या वेल्समध्ये नर्सची नोकरी मिळवायला तिथली भाषा, वेल्श, येण्याची अट सहसा नसते. आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षा, मग ओएससीई ही नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा, सगळं इंग्रजीत. त्यामुळे भारतातून येणाऱ्या बऱ्याच जणी वेल्श म्हणजे रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा समजून पुढे जातात. राजधानी कार्डिफमध्ये ते निभतं. पण तुमची नेमणूक वायव्य कोपऱ्यात, ग्विनेदमध्ये झाली असेल तर आल्या आल्या शिकायला लागा. २०२१ च्या जनगणनेत सबंध वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के होते. ग्विनेदमध्ये ६४ टक्क्यांच्या वर. इथल्या कायर्नारवॉन गावात दुकानात, बसथांब्यावर आणि वॉर्डात खाटेशेजारी हीच भाषा कानावर पडते.

मी उत्तर वेल्समध्ये वृद्धांच्या वॉर्डात काम करते. स्मृतिभ्रंश वाढत गेला की अनेकदा मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते. आयुष्यभर दोन्ही भाषा सफाईने बोललेल्या आजी रात्री फक्त वेल्शमध्ये हाका मारतात. दुखणं सांगायला तर मातृभाषाच लागते. माझ्या आजीला हिंदीत विचारलं असतं तर ती ‘हां, दर्द है’ एवढंच म्हणाली असती. ठणकतंय, कळ येतेय की चमक मारतेय हे तिने मराठीतच सांगितलं असतं. इथल्या आजोबांचंही तसंच आहे. म्हणून २०१२ पासून इथल्या आरोग्यसेवेचं धोरण आहे की रुग्णाने मागायची वाट न बघता वेल्शमध्ये बोलायची सोय आपणच पुढे करायची. याला ‘ॲक्टिव्ह ऑफर’ म्हणतात. माझ्या मते तो नर्सिंगचाच भाग आहे, वरचं काम नव्हे.

वर्गांची सोय चांगली आहे. वेल्श शिक्षणाच्या राष्ट्रीय केंद्राचे वर्ग ठिकठिकाणी आणि ऑनलाइन चालतात. तुमचं वय १६ ते २५ असेल तर फी नाही. नोकरदारांसाठी ‘वर्क वेल्श’ ही वेगळी योजना आहे, तीही मोफत. कामाच्या वेळेत वर्गाला बसता येईल का, हे वॉर्ड मॅनेजरला सरळ विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगेलच असं नाही. अभ्यासक्रम निवडताना तो उत्तर वेल्सच्या बोलीचा आहे ना, ते बघून घ्या. दूध आणि ‘आत्ता’ अशा रोजच्या गोष्टींनाही उत्तरेत आणि दक्षिणेत वेगवेगळे शब्द आहेत.

भाषेची धास्ती घेऊ नका, मराठी माणसाला काही गोष्टी सोप्या जातात. ‘ती’ आणि ‘खी’ म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. म्हाताऱ्या माणसांशी ‘खी’नेच बोला. आपण ‘दुखणं आहे का?’ला ‘आहे’ म्हणतो, तसं इथेही प्रश्नातल्या क्रियापदानेच उत्तर देतात. ‘ओइस गिनोख खी बोइन?’ (दुखतंय का?) असं विचारलं की ‘ओइस’ (आहे) किंवा ‘नाग ओइस’ (नाही) येतं. हा प्रश्न पहिल्या दिवशीच पाठ करा. आकडे तर आपल्यापेक्षा सरळ: अकरा म्हणजे एक-दहा-एक, नव्व्याण्णव म्हणजे नऊ-दहा-नऊ. घड्याळाच्या वेळा मात्र जुन्या पद्धतीने सांगतात. गोंधळ होतो तो शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं तेव्हा. आपण घोडाचं घोड्याला करतो, शेवट बदलतो. हे सुरुवात बदलतात. बँगोर गावात शिरताना पाटीवर ‘वँगोर’ दिसलं तर गाव चुकलेलं नाही. हे नियम घोकत बसू नका. अक्षर न बदलता बोललात तरी सगळ्यांना कळतं.

खरी अडचण वेगळीच आहे. इथे जवळपास प्रत्येकाला इंग्रजी येतं. तुम्ही अडखळलात की समोरचा माणूस लगेच इंग्रजीत बोलू लागतो, आणि तेही तुम्हाला त्रास नको म्हणून. मुंबई-पुण्यात कोणी मोडकंतोडकं मराठी बोललं की आपण त्याला हिंदीत उत्तर देतो, तोच प्रकार. छोट्या भाषेच्या गावात नवख्याचं शिकणं इथेच थांबतं. तेव्हा तोंडाने मागा: ‘द्वीन दसगी कमराइग’, मी वेल्श शिकतेय, ‘अन आराव’, सावकाश. गणवेशावर शिकाऊ वेल्शभाषकाचा नारिंगी बिल्ला लावा. तो दिसला की सहकारी आपणहून थांबतात. मी आमच्या वॉर्डातल्या एका हेल्थकेअर असिस्टंटला विनंती केली होती की चहाच्या सुट्टीत माझ्याशी इंग्रजी बोलायचं नाही. कुठल्याही ॲपपेक्षा मला त्याचा जास्त उपयोग झाला.

थोडा इतिहासही माहीत असू द्या. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला पाणी देण्यासाठी वेल्समधल्या त्रवेरिन खोऱ्यात धरण बांधलं आणि १९६५ मध्ये कॅपेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव त्याच्या पाण्याखाली गेलं. ‘कोव्युख द्रवेरिन’, त्रवेरिन विसरू नका, असं भिंतींवर रंगवलेलं दिसेल. मुळशी किंवा कोयना खोऱ्यातून आलेल्या मुलीला याहून जास्त सांगायला नको. भाषेबद्दल इथली माणसं हळवी का आहेत आणि परक्या माणसाने दोन वाक्यं बोलली तरी त्यांना एवढं का वाटतं, ते यातून कळतं.

पुढच्या बँडसाठी, म्हणजे वरच्या पगारश्रेणीसाठी, अर्ज करताना जाहिरातीत ‘वेल्श येत असल्यास उत्तम’ असं लिहिलेलं असेल, तर तेवढ्यावरून मागे फिरू नका. ती अट नसते. कुठल्या पायरीपर्यंत शिकलात ते अर्जात लिहा आणि मुलाखतीत पहिली दोन वाक्यं वेल्शमध्ये बोला. अट असते ती ‘वेल्श आवश्यक’ लिहिलेल्या जागांना.

पहिली पायरी पूर्ण झाली की नान्त गुर्थेर्नला निवासी वर्गाला जाऊन या. ल्लीन द्वीपकल्पावर समुद्राकाठी दगडखाणीच्या कामगारांचं ओस पडलेलं गाव होतं. तिथे १९८२ पासून वेल्श शिकवतात. जेवताना, फिरताना, सगळीकडे वेल्शच बोलायची. रोटा लागायच्या आधीच सुट्टी मागून ठेवा.