मांजरासाठी कुंडी, कुंडीसाठी टोपली

कॅटनिप म्हणजे मांजरांना वासाने वेड लावणारं झाड. त्याचं पहिलं रोप मी संध्याकाळी मोठ्या कौतुकाने लावलं. सकाळी बघते तर कुंडीत आमची मांजर, ठकी. रोप मुळासकट उपटलेलं, चावून चोथा झालेलं, आणि बाईसाहेब त्यावर उताण्या, मिशांना माती, डोळे अर्धवट मिटलेले. मी हाक मारली तर शेपटीचं टोक तेवढं हललं.

चूक माझीच. कुंडीत बसवताना मी ते रोप चांगलं दाबून, पानं सारखी करून, गोंजारून लावलं होतं. कॅटनिपच्या पानात नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य असतं आणि पान चुरगळलं की त्याचा वास भसकन सुटतो. धक्का न लागलेल्या झाडाशेजारून हीच ठकी सरळ निघून जाते, पण मी एक शेंडा खुडला की दुसऱ्या खोलीतून हजर. म्हणून शक्य असेल तर बी थेट कायमच्या कुंडीतच पेरा. तयार रोप आणलंत तर पानांना हात न लावता, मुळांचा गड्डा धरून बसवा आणि त्याच मिनिटाला झाका.

कशाने झाकायचं, यावर मी बरेच प्रयोग केले. आधी कुंडीभर बांबूच्या काड्या खोचल्या, तर ठकीने काड्यांनाच गाल घासले आणि त्यातल्या दोन पाडल्या. शेवटी उपयोगी पडली जुनी तारेची टोपली. कुंडीवर पालथी घालायची आणि चार ठिकाणी तारेने कुंडीच्या काठाला बांधायची. हे बांधणं टाळू नका, मांजर टोपली ढकलतंच. जाळीतून जेवढे शेंडे बाहेर येतील तेवढे मांजराचे, आत राहील ते झाडाचं. ठकी शेंडे कुरतडते त्यामुळे आपोआप छाटणी होते आणि झाड आतून दाट होतं.

बाकी झाड फारसं नखरेल नाही. पुदिना-तुळशीच्याच कुळातलं आहे. दांडी बोटांत फिरवली की चार कडा लागतात. बी बारीक असतं, ते मातीवर भुरभुरून वर मातीचा नावापुरता थर द्यायचा आणि पाणी फवाऱ्याने घालायचं. पाच-सहा तास ऊन हवं, कडक उन्हाळ्यात मात्र दुपारची सावली. माती भुसभुशीत ठेवा, पाणी साचलं की मुळं कुजतात. वीतभर झालं की शेंडा खुडा, नाहीतर ते काटकुळं होऊन दोन-तीन फूट वर जातं. जादा कुंडी हवी असेल तर खुडलेली फांदी पाण्यात ठेवा, मुळं सहज फुटतात. (पेला मांजराच्या उंचीवर ठेवू नका. का, ते सांगायला नको.)

लोळणं, गाल घासणं, लाळ गाळणं हा तमाशा पाच ते पंधरा मिनिटं चालतो. मग अर्धा-एक तास त्याच पानाकडे मांजर ढुंकूनही बघत नाही. सगळा परिणाम नाकातून होतो, खाण्याचा त्याच्याशी संबंध नाही. उलट पानं फार खाल्ली तर पोट बिघडू शकतं. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला बहुधा काहीच कळत नाही.

आमच्या बोक्याला मात्र मोठा होऊनही कळलं नाही. पान त्याच्या नाकाशी धरलं की तो माझ्याकडे बघायचा. 2017 साली 100 मांजरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण तीनांपैकी दोन मांजरांनी कॅटनिपला दाद दिली, तर सिल्व्हर व्हाइनला जवळपास 80 टक्के. व्हॅलेरियन नावाच्या औषधी वनस्पतीच्या मुळावर आणि हनीसकल नावाच्या झुडपाच्या एका जातीच्या लाकडावर जवळपास निम्मी भाळली. सिल्व्हर व्हाइन ही किवीच्या नात्यातली, जपान-चीनकडच्या डोंगरांतली वेल. तिला वाढायला थंड हवा लागते, म्हणून तिच्या नादी मी लागले नाही. तिच्या वाळलेल्या काड्या मिळतात. जपानी संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं, की या पानांवर अंग घासलेल्या मांजरावर डास कमी बसतात. म्हणजे ठकी इतके दिवस डासांचं मलम चोळत होती आणि मी तिला व्यसनी म्हणत होते!

बोक्याचं गुपित तणात सापडलं. एकदा कुंड्यांतली खोकली उपटून मी कोपऱ्यात ढीग केला होता. खोकली म्हणजे दातेरी पानांची, लांब देठांची, पानांच्या बेचक्यात हिरव्या वाट्यांसारखे फुलोऱ्याचे तुरे धरणारी रानटी झुडूपवजा वनस्पती. थोड्या वेळाने बघते तर बोका त्या ढिगावर पाठ घासतोय, पांढरट मूळ दोन्ही पंजांत धरून. वेड लावते ती मुळंच, आणि तीही उपटल्यावर. उभ्या झाडाकडे तो आजही बघत नाही. आता मी माती झटकून एखादं मूळ त्याला देते आणि त्याचं झालं की उचलते. पाला खाऊ देत नाही, त्यात विषारी घटक असतात.

चघळायला वेगळी सोय करा: गहू रात्रभर भिजवून पसरट कुंडीत दाट पेरायचे, आठ-दहा दिवसांत बोटभर गवत उभं राहतं. दोन कुंड्या आलटून पालटून ठेवल्या की पुरतं. स्पायडर प्लांटची पानंही मांजरांना फार आवडतात आणि ती विषारी नाहीत. जगवायचं असेल तर उंच टांगा.

लिलीच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. खरी लिली आणि डे-लिली या दोन्हींचं पान, फूल, अंगावर सांडून चाटलेले परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. तोंड लागल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला डॉक्टरकडे न्या. सायकस आणि कण्हेर हीही घातक. मनी प्लांट आणि डिफेनबाकिया तोंडाची आग करतात. आणि जिथे मांजर तोंड घालतं त्या कुंडीवर कीटकनाशक फवारायचं नाही.

कॅटनिपला फुलं येऊ लागली की फांद्या कापून, जुडी उलटी टांगून, सावलीत वाळवा. पानं घट्ट झाकणाच्या बरणीत राहतात. मूठभर पानं जुन्या मोज्यात भरून गाठ मारली की खेळणं तयार. वास उतरला की मोजा हातात चुरगळायचा. ठकीसाठी असे दोन मोजे केले होते. त्यातला एक बोक्याने नेलाय, उशीला.