सीआरएनएचं कॉन्ट्रॅक्ट मागच्या पानापासून वाचा

अमेरिकेत भूल देणाऱ्या नर्सच्या, म्हणजे सीआरएनएच्या हातात ऑफर पडली की ती आधी पगाराचा आकडा बघते. मी तो सगळ्यात शेवटी बघते. कुणा ज्युनियरने 'ताई, जरा नजर टाक ना' म्हणून कॉन्ट्रॅक्ट पाठवलं, की मी आधी 'टर्मिनेशन' (करार संपवणं) शोधते, मग 'टेल' (नोकरी सोडल्यानंतर येणाऱ्या दाव्यांचा विमा), मग 'कॉल' (नेहमीच्या शिफ्टबाहेर बोलावलं की हजर राहायची ड्युटी). नोकरीत घेताना सगळेच गोड बोलतात. सोडताना कोण काय भरणार, ते मागच्या पानांवर असतं.

'विदाउट कॉज', म्हणजे कारण न देता करार संपवायची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते पाहा. बऱ्याच ठिकाणी 90 दिवस असते. तुम्हाला 90 आणि त्यांना 30 असं लिहिलं असेल, तर सारखी करून मागा. नव्या हॉस्पिटलचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे कागदपत्रं तपासून कामाची परवानगी, व्हायलाच काही महिने जातात, आणि तोवर घर बिनपगारी चालवायचं असतं. एच-1बी व्हिसावर असाल तर दुखणं आणखी मोठं: नोकरी संपल्यावर नवी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते.

आता मालप्रॅक्टिस विमा, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दल पेशंटने केलेल्या दाव्यांसाठीचा. इथे घाई नको. समजा, तुम्ही आज एक स्पायनल (कण्यातून भूल) दिलं, वर्षभराने नोकरी सोडली आणि त्यानंतर पेशंटने दावा ठोकला. पॉलिसी 'ऑकरन्स' प्रकारची असेल तर घटना पॉलिसी चालू असताना घडली एवढंच पुरतं, तुम्ही सुरक्षित. 'क्लेम्स-मेड' असेल तर दावा येतो त्या दिवशीही संरक्षण चालू असावं लागतं. ते चालू ठेवण्यासाठी घ्यायचं ते 'टेल'. त्याचा खर्च एकरकमी असतो, साधारण वार्षिक हप्त्याच्या दीडपट ते दुप्पट. टेलबद्दल कॉन्ट्रॅक्टमध्ये अवाक्षर नसेल तर तो खर्च बहुधा तुमच्याच गळ्यात पडतो. 'टेल ग्रुप भरेल' (ग्रुप म्हणजे हॉस्पिटलला भूलसेवा पुरवणारी, तुम्हाला नोकरी देणारी कंपनी) हे तीन शब्द लिहून घ्या. ते सरसकट तयार नसतील तर मधला मार्ग सुचवा: त्यांनी विनाकारण काढलं तर त्यांनी भरायचं, आणि दोन वर्षं पूर्ण करून तुम्ही सोडलंत तरी त्यांनीच. विम्याची मर्यादा बऱ्याचदा एका दाव्याला 10 लाख आणि वर्षाला 30 लाख डॉलर असते. ती तुमची स्वतंत्र आहे की सगळ्या ग्रुपमध्ये वाटून, हेही विचारा.

नॉन-कम्पीट, म्हणजे नोकरी सोडल्यावर जवळपास दुसरीकडे काम न करण्याची अट. तिच्यात मैलांचा आकडा दिसतो, पण मैल कुठून मोजायचे तेच खरं महत्त्वाचं. 'ग्रुप जिथे जिथे सेवा देतो त्या प्रत्येक ठिकाणापासून 20 मैल' असं असेल तर नकाशा उघडा आणि प्रत्येक सर्जरी सेंटरभोवती वर्तुळ काढा. अख्खं शहर आत जातं! कॅलिफोर्नियात अशी अटच चालत नाही. मिनेसोटात 1 जुलै 2023 पासून केलेल्या करारांतही नाही. देशभर बंदी घालणारा एफटीसीचा (फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा) 2024 चा नियम मात्र टेक्सासच्या फेडरल कोर्टाने त्याच वर्षी रद्द केला, त्यामुळे त्या बातमीच्या भरवशावर सही करू नका. एक गोष्ट लिहून घ्यायची हमखास राहून जाते: हॉस्पिटलने ग्रुपच बदलला तर काय? नवा ग्रुप तुम्हाला त्याच ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवायला तयार, आणि जुना ग्रुप कागद दाखवून अडवतो. 'ग्रुपचं हॉस्पिटलशी असलेलं कॉन्ट्रॅक्ट संपलं, किंवा आम्ही विनाकारण काढलं, तर ही अट लागू नाही' असं वाक्य घालून घ्या.

कॉलच्या बाबतीत 'ॲज नीडेड' (गरजेप्रमाणे) हे शब्द खोडायलाच लावा. महिन्याला किती कॉल, हॉस्पिटलात राहून की घरून, बोलावल्यावर किती मिनिटांत पोचायचं, पोस्ट-कॉल सुट्टी पगारी की रजेतून, तीनला शिफ्ट संपल्यावर केसमधून सोडवणार कोण... हे सगळं कागदावर हवं. मग वर्षाचा पगार खऱ्या तासांनी भागा. दोन ऑफरची खरी तुलना तिथेच होते.

साइन-ऑन बोनस, म्हणजे रुजू होताना मिळणारी रक्कम, मुदतीआधी सोडल्यास परत द्यावी लागते. ही परतफेड दरमहा घटती हवी. 30,000 डॉलर दोन वर्षांच्या बोलीवर घेतले आणि 23व्या महिन्यानंतर सोडलं, तर घटत्या हिशेबाने 1,250 परत जातात. तशी अट नसेल तर सगळे. शिवाय हातात पडते ती रक्कम कर कापून, आणि परत मागतात ती बऱ्याचदा पूर्ण. 'नेट रक्कम' असं लिहून घ्या.

1099 वरचा, म्हणजे नोकरीऐवजी स्वतंत्र कंत्राटदार म्हणून मिळणारा, तासाचा दर बघून हुरळू नका. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे, मिळून 15.3 टक्के, तुमचेच. (पगाराच्या एका मर्यादेपुढे सोशल सिक्युरिटीचा भाग थांबतो.) रजा, आरोग्य विमा, बहुतेकदा मालप्रॅक्टिससुद्धा तुमचंच, आणि दर तिमाहीला अंदाजे कर भरायची कटकट वेगळी.

मागायचं कसं? आपल्याकडे पैशाचं बोलायचं म्हणजे जीभ अडखळते. भीड भिकेची बहीण, आणि समोरची रिक्रूटर हा संवाद दिवसभर करते. 'हे आमचं स्टँडर्ड कॉन्ट्रॅक्ट आहे' म्हणाली तर 'बरं, मग दुरुस्ती परिशिष्टात घालू' म्हणा. दहा मुद्दे घेऊन जाऊ नका. टेल, नोटीस आणि कॉल हे तीन एकाच मेलमध्ये, क्रमाने मांडा, पगार चौथा. भूल देणाऱ्यांची चणचण असलेल्या हॉस्पिटलात पगाराचा आकडा बांधलेला असला तरी या तिन्हींवर ते हलतात, असा माझा अनुभव आहे. ब्लॉक (ठरावीक नसेभोवतीची भूल) आणि एपिड्युरल (पाठीतून नळीने दिलेली भूल) करायला मिळणार का, हेही तेव्हाच विचारून घ्या, नाहीतर हात गंजतो.

फोनवरचं आश्वासन त्याच संध्याकाळी मेलने पक्कं करा आणि ते कॉन्ट्रॅक्टमध्ये उतरेपर्यंत सही थांबवा. शेवटी 'एंटायर ॲग्रीमेंट' नावाचं कलम असतं. त्याचा अर्थ, कागदाबाहेरचं बोलणं हिशेबात नाही. वकील त्याच राज्यातला, आरोग्य क्षेत्रातले करार बघणारा घ्या आणि फी आधी ठरवून घ्या. जुन्या नोकरीचा राजीनामा दोन्ही सह्या झाल्यावरच. सही झालेली प्रत स्वतःच्या मेलवर ठेवा, कारण हॉस्पिटलचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.