ब्रीडिंगसाठी कुत्रा निवडायचाय, मग डॉग शो करायलाच हवेत का?

रत्नागिरी, लांजा, राजापूर इकडून नव्याने ब्रीडिंगमधे उतरणाऱ्या पोरांचे फोन येतात तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो, दादा शो नाही केले तर आपल्या कुत्र्याला ब्रीडिंगला वापरायचं की नाही? माझं म्हणणं स्पष्ट आहे. शो लागत नाही. पण तुम्ही सोडून दुसऱ्या एका जाणकार माणसाने त्या कुत्र्याला हात लावून बघणं लागतंच लागतं, कारण घरच्या कुत्र्याचे दोष घरच्याला दिसत नाहीत, हे मी आंब्याची बाग सांभाळत लॅब्राडोर करतोय तेव्हापासून बघत आलोय.

आधी एक गैरसमज काढून टाका. पेपर (म्हणजे वंशावळीची नोंद) आणि शो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे आईबाप दोघं रजिस्टर असले की पिल्लांची नोंद करता येते, मायक्रोचिप बसते, त्यासाठी बापाने शोच्या रिंगमधे, म्हणजे जज कुत्रे तपासतो त्या मैदानात, पाय ठेवलेला असायला हवा असं काही नाही. म्हणजे पेपर आहेत म्हणून कुत्रा चांगला असंही नाही, पेपर फक्त कोणाचा कोण ते सांगतात.

आता रिंगमधे जज करतो काय ते बघा. तोंड उघडून दात बघतो, वरचे पुढचे दात खालच्यांच्या अगदी समोर टेकून बसलेत का, मग खांदे, छाती, पाठीची रेघ हाताने चाचपतो, नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का बघतो (एकच उतरलेला असेल तर तो दोष पुढच्या पिढीत जातो, असा नर ब्रीडिंगला घेऊच नका), मग पळवत नेऊन परत आणायला लावतो आणि मागून, बाजूने, समोरून चाल बघतो. सगळं मिळून दोन-चार मिनिटं. तेवढ्या वेळात एका अनुभवी जजला बांधा आणि चाल याबद्दल जे कळतं ते आपल्याला महिनाभर घरात बघून कळत नाही, हे मी मनापासून मान्य करतो.

पण खुबा? तो रिंगमधे दिसत नाही. लॅब आणि जर्मन शेफर्डमधे हिप डिस्प्लेशिया हा मोठा प्रश्न, मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसत नाही, आणि दोष हलका असेल तर कुत्रा छान पळतो, बक्षीसही घेऊन येतो. आमच्याकडे बागेत जायला जांभ्याच्या पायऱ्या आहेत, उंच आणि ओबडधोबड, त्यावर सातआठ महिन्यांचं पिल्लू चढताना मी मागे उभा राहून बघतो, एकेक पाय टाकतंय की मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखं उडी घेतंय. उड्या घेणारं असेल तर शंका घ्यायची आणि नसेल तरी एक्स-रे काढायचाच. कुत्र्याला गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ समांतर ताणून काढलेला एक्स-रे लागतो, वाकडा काढलेला काही कामाचा नाही. अमेरिकेतली ओएफए ही खुब्याचे एक्स-रे तपासणारी संस्था पक्कं सर्टिफिकेट 24 महिन्यांनंतरच देते, त्याआधीचं सगळं प्राथमिक, म्हणून घाई करू नका. जवळ सोय नसेल तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठा, शोच्या खर्चात हे होऊन जातं.

दुसरं म्हणजे डीएनए टेस्ट. लॅब्राडोरमधे पीआरए म्हणून डोळ्याचा आजार आहे, हळूहळू आंधळेपणा येतो आणि कुत्रा तोपर्यंत दोनचार वेळा बाप झालेला असतो. कॅरियर निघाला (म्हणजे दोष अंगात एकेरी आहे पण स्वतः आजारी नाही) म्हणून लगेच बाद करायची गरज नाही, क्लिअर म्हणजे तो दोष अजिबात नसलेल्या मादीशी जोडला तर कुठलंच पिल्लू त्या दोषामुळे आजारी होत नाही. आणि मेटिंगआधी दोघांची ब्रुसेला या जंतूची टेस्ट, ही तर चुकवूच नका, त्याने गाभ जातो आणि माणसालाही लागण होते.

शोचा एक तोटा कुणी बोलत नाही तो सांगतो. एखादा कुत्रा चॅम्पियन झाला की जो तो आपली मादी घेऊन त्याच्याकडेच जातो, मग चारपाच वर्षांनी तुम्ही लांबून नर आणला असं समजता आणि पेपर उघडून बघता तर दोघांचा बाप एकच. सावत्र भावंडांची जोडी लावली तर पिल्लांचं इनब्रीडिंग 12.5 टक्के होतं, बाप-लेक लावली तर 25. आपल्या पट्ट्यात चांगले कुत्रे मुळातच मोजके, त्यामुळे निदान चार पिढ्यांची नावं लिहून काढा आणि कुठलं नाव परत परत येतंय बघा.

बाहेर लोक काय करतात? ब्रिटनमधल्या मेंढपाळांच्या बॉर्डर कॉलीची संस्था 1906 पासून आहे, त्यांनी कुत्रा ठरवला तो मेंढरांमागच्या कामावर, दिसण्यावर नाही, आणि 1995 मधे अमेरिकन केनेल क्लबने त्या जातीला शोमधे घेतलं तेव्हा कामाचे कुत्रे पाळणाऱ्यांनी जोरदार विरोध केला होता. जर्मन शेफर्डची मूळ जर्मन संस्था ब्रीडिंगसाठी कुत्रा पास करताना शोचा शेरा मागते पण सोबत कामाची परीक्षा आणि खुब्या-कोपराचे एक्स-रेही मागते. मला हीच पद्धत सगळ्यात पटते. आपल्याकडे ती परीक्षा कोण घेणार, म्हणून आपली आपणच घ्यायची. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात थोडं पळून आल्यावर धाप किती वेळात बसते, पावसात कातडीला बुरशी, खाज धरते का, वानर बघून भुंकतो ते ठीक पण बागेतल्या गड्यांवर, पोरांवर धावून जातो का. स्वभाव वाईट असेल तर कितीही देखणा असला तरी नको.

तरी शोला जा, पहिल्यांदा कुत्रा न नेता जा. रिंगच्या कडेला दिवसभर उभं राहून स्वतः मनात नंबर लावा आणि जजशी ताडून बघा, काम संपल्यावर नम्रपणे विचारलं तर बरेच जज कारण सांगतात. त्याने नजर तयार होते. तिथेच जुने ब्रीडर भेटतात, त्यातल्या एखाद्याला घरी बोलवून आपली मादी दाखवा.

कायद्याचंही बघा. 2017 च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी लागते, मादी 18 महिन्यांच्या आत किंवा 8 वर्षांनंतर लावायची नाही, आयुष्यात 5 पेक्षा जास्त वेत नाहीत, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. यात शोची अट कुठेही नाही.

आणि स्टडच्या, म्हणजे ब्रीडिंगच्या नराच्या, मालकाला फोन कराल तेव्हा ट्रॉफ्यांचे फोटो मागू नका, त्याची आधीची पिल्लं आता तीनचार वर्षांची कुणाकडे आहेत ते विचारा, त्यांचे नंबर मागा आणि खरंच फोन करा, लंगडतंय का, फिट येते का, चावलंय का कुणाला. मालक नंबर द्यायला टाळाटाळ करायला लागला तर दुसरा नर बघा.