धूर शिवारावर बसतोय, पान नीट पारखा

उसाच्या गळीत हंगामात बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, खानापूरकडे गुऱ्हाळं, वीटभट्ट्या आणि साखर कारखान्यांचा पहाटेचा धूर वर चढत नाही. थंड हवा त्याला शिवारावरच दाबून धरते. अशा दिवसांत मेथी, पालक, मुळा, लसूणघास यांच्या पानांवर पांढुरके चट्टे दिसले, तर लगेच बुरशीनाशकाच्या दुकानात धावू नका. धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने, म्हणजे गंधक जळून होणाऱ्या वायूनेही पान असंच भाजतं.

पान तोडून उजेडात धरा. शिरा हिरव्या, मधला भाग पांढरट किंवा तपकिरी, तोही दोन्ही अंगांनी. पूर्ण वाढलेली पानं जास्त भाजलेली, कोवळी पानं त्यामानाने शाबूत. उसात, शाळूत टोकाकडून पट्टे वाळत येतात. मग बांधावर जा. पिकाबरोबर तणही भाजलंय आणि भट्टीपासून लांब जाल तसं नुकसान कमी होतंय? मग संशय धुरावरच घ्या. एकच रोग पिकाला आणि नाना तणांना एकाच वेळी सहसा लागत नाही.

सगळा धूर सारखा नसतो. गुऱ्हाळात जाळतात त्या उसाच्या चिपाडात गंधक फार थोडं, त्याच्या धुरात त्रास राखेचा. गंधक येतं वीटभट्टीच्या दगडी कोळशातून. साखर कारखान्यात रस साफ करायला गंधक जाळतात, तिथून गळती झाली तरी हा वायू सुटतो. डिझेलमधलं गंधक मात्र 2020 पासून दहा लाख भागांत 10 भागांवर आलंय. गुऱ्हाळाच्या चुलाणात टायर टाकणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, ते बंद करा. रबर पक्कं करायला गंधकच घालतात आणि त्याचा धूर आधी गूळ करणाऱ्या गुळव्याच्या छातीत जातो.

भाजलेलं पान परत हिरवं होत नाही, पण नवी पालवी येते. तोवर त्यावर गंधकाची फवारणी नको. भट्टी कुठल्या दिशेला आहे ते लिहून ठेवा, तारखेसह फोटो काढा आणि कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दाखवा.

पिकाला गंधक लागतंच, पण ते मुळातून द्यावं. भुईमूग, सोयाबीन, कांद्याला सिंगल सुपर फॉस्फेट द्या, त्यात साधारण 11 टक्के गंधक असतं. उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जाळलं तर नत्र आणि गंधक दोन्ही हवेत जातात. ऊस तोडल्यावर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्यात पाचट सरीत दाबा आणि त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट, 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्या.